गावची देवराई, शहरातली टेकडी आणि 'जैवविविधता वारसा स्थळ': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवराई, जुनं तळं, माळ, टेकडी, शंभर वर्षांची आमराई. अशी एखादी जागा कायमची राखली जावी, असं गावागावांत आणि वॉर्डावॉर्डांत लोकांना वाटू लागलं आहे. त्यासाठीचा एक कायदेशीर मार्ग म्हणजे 'जैवविविधता वारसा स्थळ' हा दर्जा. पण ग्रामसभेत विषय निघाला की त्याच त्या शंका उपस्थित होतात आणि चर्चा तिथेच अडते. त्या शंकांची उत्तरं इथे दिली आहेत. जिथे कायदा कमी पडतो, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका स्वतःच एखादी जागा संरक्षित म्हणून जाहीर करू शकते का?

नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ प्रमाणे 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राजपत्रात तशी अधिसूचना काढतं. त्याआधीचं काम मात्र सगळं स्थानिकच असतं. जागा कोणती, तिची हद्द कुठली, तिथे काय आहे, ती कोण वापरतं, कुणाची हरकत आहे, हे सगळं गावाने किंवा शहरानेच मांडायचं. नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे जाणारी फाइल याच कामावर उभी राहते. ही तयारी कच्ची राहिली की प्रस्ताव वर जातो आणि त्रुटींचा शेरा घेऊन परत येतो.

महाराष्ट्रात अशी कोणती स्थळं जाहीर झाली आहेत?

गडचिरोलीतल्या 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या जुन्या, उंच सागवानांच्या सहा हेक्टर जंगलाला २०१४ मध्ये हा दर्जा मिळाला. जळगाव शहराजवळचं लांडोरखोरी हे सुमारे ४८ हेक्टरांचं वनक्षेत्रही या यादीत आहे. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचा समावेश २०२० मध्ये झाला. हे उद्यान १८७३ चं. तिथल्या जुन्या कलमी आंब्यांसह ते सुमारे ३३ हेक्टरांवर पसरलं आहे, आणि तेही भर शहरात. म्हणजे माणसांनी लावलेली बागसुद्धा वारसा ठरू शकते. 'आमच्याकडे जंगल कुठे आहे?' असं म्हणणाऱ्या नगरपालिकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं.

पण शिकण्यासारखी उदाहरणं सिंधुदुर्गातली, दोन्ही २०२१ मधली. आंबोलीला हिरण्यकेशी नदी जिथे उगम पावते, तिथल्या कुंडात एक छोटा मासा सापडला. २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि नदीवरूनच त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळालं. त्याचा आढळ इतका मर्यादित की थोडीशी मासेमारी किंवा पाण्यात पडलेला साबणही त्याला भारी पडू शकतो. म्हणून महादेवाच्या देवळाजवळचं ते पाणी आणि भोवतालची जमीन मिळून २.११ हेक्टर जागा वारसा स्थळ झाली.

दुसरं दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे. तिथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे. पायाखाली सदा ओल आणि चिखल. त्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर डोकावतात. अशी जंगलं केरळ, कर्नाटकात आणि थोडीफार गोव्यात आहेत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय त्यातलीच. महाराष्ट्रात मात्र ती अगदी मोजकी. बांबर्ड्याची राई २.५९ हेक्टरांची आहे आणि ती टिकली ती गावाने देवाची म्हणून राखली म्हणून. अधिसूचना फार नंतर आली.

आमची जागा दोन-तीन एकरच आहे. प्रस्ताव पाठवण्यात अर्थ आहे का?

आहे. वरचे आकडे पुन्हा पाहा. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. क्षेत्रफळापेक्षा तिथे काय आहे याला महत्त्व. दुर्मीळ किंवा त्याच भागापुरती जात, पिकांचे रानटी भाईबंद, पारंपरिक वाण, जीवाश्म, लोकांच्या श्रद्धेशी आणि रीतीभातींशी जोडलेला निसर्ग, हे सगळे निकष चालतात. देशातलं पहिलं वारसा स्थळ म्हणजे बंगळूरजवळच्या नल्लूरची जुन्या चिंचांची राई. तिला २००७ मध्ये हा दर्जा मिळाला.

सुरुवात कुणी करायची? आमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आहे का, हेच माहीत नाही.

बहुतेक ठिकाणी समिती आहे, निदान कागदावर तरी. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणं बंधनकारक आहे. अनेक वर्षं ते झालं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असं सांगितलं. साहजिकच समित्या भराभर झाल्या आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची व त्यांबद्दलच्या लोकांच्या माहितीची नोंद ठेवणाऱ्या नोंदवह्याही भराभर भरल्या गेल्या. कित्येक सदस्यांना आपण समितीत आहोत याचा पत्ताच नाही.

म्हणून पहिलं पाऊल सोपं आहे. ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन समितीच्या सदस्यांची यादी आणि लोक जैवविविधता नोंदवही मागा. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. हाती आलेली नोंदवही शेजारच्या गावाच्या नोंदवहीशी ताडून पाहा. दोन्हींत त्याच झाडांची तीच यादी त्याच क्रमाने दिसली, तर तुमच्या गावात काम व्हायचंच आहे असं समजा.

नोंदवही नीट कशी करायची? आम्ही काही शास्त्रज्ञ नाही.

शास्त्रज्ञ लागतात ते नंतर, नाव पक्कं करायला. आधी लागतात ती रोज त्या जागेत जाणारी माणसं: गुराखी, फाटी आणणाऱ्या बायका, वैदू, मासे धरणारी मुलं, मध काढणारे, देवळाचे मानकरी. रानभाजी कुठल्या नक्षत्रात उगवते, कोणत्या ओढ्यात पाणी किती दिवस टिकतं, पूर्वी दिसणारा कोणता पक्षी आता दिसत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. गावातलं नाव आधी लिहा, शास्त्रीय नाव शेजारच्या रकान्यात नंतर भरता येतं. जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बोलावले तर सहसा आनंदाने येतात.

वर्षातून एकदाच पाहणी करून थांबू नका. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा या तिन्ही ऋतूंत जा. प्रत्येक नोंदीला तारीख, जागा आणि सांगणाऱ्याची संमती हवी. औषधी वनस्पती किंवा दुर्मीळ ऑर्किड नेमकं कुठे आहे, हे बाहेर वाटायच्या प्रतीत लिहू नका. नकाशासकट फोटो समाजमाध्यमावर पडला की मुळासकट उपटून नेणारे पोचतात.

जागा कुणाच्या नावावर आहे, याने फरक पडतो का?

फार पडतो. माझ्या अनुभवात प्रस्ताव अडकतात ते इथेच. देवराई गावाची, असं सगळेच म्हणतात, पण सातबारा वेगळं सांगतो. काही राया देवस्थानाच्या नावावर आहेत, काही महाराष्ट्र शासनाच्या, काही वन विभागाकडे, तर काही पाच-सात खातेदारांच्या सामाईकात. एकाच राईत तीन गट नंबर असतील, तर तीन उत्तरं मिळू शकतात.

तेव्हा सातबारा, जुने फेरफार आणि गटाचा नकाशा काढा. तलाठ्याकडे (आताचं पद ग्राम महसूल अधिकारी) जाऊन जमिनीचा प्रकार पाहा. 'पोटखराब' किंवा 'पडीक' असा शेरा असेल तर सावध व्हा. कागदावर निरुपयोगी ठरलेली जमीन कचरा डेपोला, सौर प्रकल्पाला किंवा क्रीडासंकुलाला सगळ्यांत आधी सुचवली जाते. कोकणातला कातळसडा मे महिन्यात काळा खडक दिसतो आणि श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसावी इतकी फुलं असतात. सातबाऱ्याला ते दिसत नाही. ते नोंदवहीने दाखवायचं.

हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. पैसे लागतील, वेळही जाईल. पण न मोजलेल्या जागेवर अधिसूचना निघाली, की पहिला वाद शेजारच्या शेतकऱ्याशीच होतो, आणि तो तर आपला माणूस असतो.

गायरान असेल तर हातात आणखी एक आधार आहे. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने जुलै २०११ मध्ये गायरानांबाबत निर्णय काढला. ठरावात या दोन्हींचा उल्लेख करा.

स्थळ जाहीर झालं की गुरं चारणं, सुकी फाटी आणणं, जत्रा भरवणं बंद होणार का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोकांना ही भीती वाटणं रास्त आहे. अभयारण्यांच्या आठवणी ताज्या आहेत.

वारसा स्थळांबाबत राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या वापरावर आणि प्रथांवर त्यांनी स्वतःहून ठरवलेल्या मर्यादांखेरीज बंधनं येऊ नयेत. म्हणजे चराई किती आणि कधी, हे गावाने ठरवायचं. देवराईतली पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, असा नियम कित्येक गावांनी कुठल्याही कायद्याविना पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. कोकणात आजही राईतल्या झाडाला हात लावायचा तर आधी देवाला कौल लावतात. हे नियम जसेच्या तसे लिहून प्रस्तावाला जोडा. बाहेरून आणलेल्या नियमावलीपेक्षा ते जास्त पाळले जातात.

मात्र कुणाची रोजीरोटी त्या जागेवर असेल आणि घोषणेमुळे तिला धक्का बसणार असेल, तर कलम ३७ मध्येच भरपाईची किंवा पुनर्वसनाची योजना आखण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आहे. ग्रामसभेत मेंढपाळ, कातकरी, भोई यांच्यापैकी कुणी हजर नसेल, तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवा. त्यांना वगळून केलेलं संरक्षण मला न्याय्य वाटत नाही, आणि ते टिकतही नाही.

शहरातली टेकडी खासगी मालकीची असेल तर?

इथे पुण्याचं उदाहरण पाहू. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण आहे. शहराच्या दृष्टीने ते फार मोलाचं. टेकडीवर मुरलेलं पाणी खालच्या ओढ्यांना आणि विहिरींना मिळतं, आणि टेकडी फोडली की तोच पाऊस रस्त्यावर येतो. नागरिकांच्या दीर्घ लढ्यानंतर राज्य सरकारने २०१५ मध्ये आरक्षण कायम केलं आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) ठरवला. मालकांना तो अपुरा वाटला. जागा ताब्यात येण्याचं काम रेंगाळलं आणि दरम्यान टेकड्यांच्या पायथ्याने पत्र्याच्या शेड आणि प्लॉटिंग वर चढत राहिलं.

यातला धोका नीट समजून घ्या. विकास आराखड्यातलं आरक्षण हे प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतं. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणून नकाशावर हिरवा रंग दिसला की निर्धास्त होऊ नका. आपल्या प्रभागातल्या प्रत्येक हिरव्या आरक्षणासमोर आराखड्याची तारीख, ताबा मिळाला का आणि नोटीस आली का, हे तीन रकाने भरून ठेवा, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकाला त्याबद्दल विचारा.

अभयारण्य, संवर्धन राखीव आणि वारसा स्थळ यांत काय फरक?

अभयारण्य आणि संवर्धन राखीव ही दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली. अभयारण्यात निर्बंध कडक असतात आणि कारभार वन विभागाचा असतो. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर, आसपासच्या लोकांशी बोलून करतात. नाशिकजवळचं बोरगड २००८ मध्ये असं राखीव झालं. त्याच कायद्यात गावाच्या किंवा खासगी जमिनीसाठी 'सामुदायिक राखीव' अशीही सोय आहे, तिचा उपयोग आपल्याकडे फारसा होत नाही. वारसा स्थळाचा कायदा वेगळा आणि मवाळ.

मग हद्द जितकी मोठी आखू तितकं चांगलं, नाही का?

नाही. सोलापूर-अहिल्यानगरचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात पिकती शेतं होती, गावं होती, तालुक्याची ठिकाणंही होती. जमीन विकायची, घर बांधायचं, विहीर खोदायची तर परवानगीचं ओझं. लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग साठला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर माळढोक दिसणं दुर्मीळ झालं होतं. एवढ्या मोठ्या वर्तुळाऐवजी पक्ष्याचे नेमके माळ आधीच निवडले असते आणि तिथल्या शेतकऱ्याला सोबत घेतलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं. जेवढी जागा राखता येईल, जिची खूण प्रत्येकाला दाखवता येईल, तेवढीच हद्द घ्या.

जागा मोकळी दिसते. आधी वृक्षारोपण करून घ्यावं का?

कृपा करून थांबा. माळरान म्हणजे झाडं तोडून उरलेली जागा, हा फार खोल रुजलेला गैरसमज आहे. खोकड, लांडगा, काळवीट, तणमोर, धाविक, चंडोल यांना गवतच लागतं. तिथे खड्डे खणून रांगेत झाडं लावली की त्यांचं घर मोडतं, आणि फोटोत मात्र हिरवं काम झालेलं दिसतं. टेकड्यांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावल्याने खालचं गवत कसं दबलं, हे पुण्यात कुठल्याही टेकडीवर पाहता येतं. कातळसड्यावर माती टाकणं तर त्याहून वाईट. झाडं लावायचीच असतील, तर तुटलेल्या देवराईच्या कडेला, त्याच राईतल्या बियांपासून तयार केलेली रोपं लावा.

आमचं गाव जंगलात आहे. आम्हीही हाच मार्ग धरावा का?

आधी वनहक्क कायदा, २००६ पाहा. सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल राखायचे आणि त्याचं व्यवस्थापन करायचे अधिकार थेट ग्रामसभेकडे येतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर तो हक्क मिळाला. त्यामागे गावाच्या अभ्यासगटांची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची कित्येक वर्षांची सवय होती. असा दावा करता येत असेल, तर वारसा स्थळाचा दर्जा हा पुढचा टप्पा ठेवा. आधी हक्क, मग फलक.

पैसा कुठून येतो?

कलम ४३ खाली स्थानिक जैवविविधता निधी असतो. शिवाय आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधनं गोळा करणाऱ्यांकडून समिती शुल्क घेऊ शकते. हिरडा ट्रक भरून नेणाऱ्या व्यापाऱ्याला ते लागू होतं. घरच्या गरजेपुरता हिरडा वेचणाऱ्या आदिवासी बाईला किंवा वैदूला नाही. खरं सांगायचं तर या निधीवर फार विसंबू नका. राखणदाराचं मानधन आणि कुंपणापुरता खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यातच धरून घ्या.

जाहीर झाल्यावरही कुणी झाडं तोडली किंवा मुरूम उचलला तर?

जैविक विविधता कायद्यात वारसा स्थळासाठी 'हे करा, ते करू नका' अशी तयार यादी नाही. ही त्याची उणीव आहे. त्यामुळे प्रत्यक्षात इतर कायदे हाताशी धरावे लागतात. शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं. गावात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. मुरूम-वाळूसाठी जमीन महसूल संहिता आणि तहसीलदार, वनजमीन असेल तर वन विभाग. अतिक्रमणाबाबत ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ वापरता येतं. तक्रार करताना गट नंबर, तारीख, वेळ आणि फोटो द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तिथे जायची वेळ आलीच तर हेच कागद उपयोगी पडतात.

नाव झालं की पर्यटकांची गर्दी होईल, त्याचं काय?

होईल. कासच्या पठारावर फुलं पाहायला येणाऱ्यांच्या पायांखाली फुलंच तुडवली जाऊ लागली आणि प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागल्या. आंबोलीच्या पावसाळी गर्दीचं तर वेगळं सांगायला नको. त्यामुळे वाट कुठून जाईल, गाड्या कुठे थांबतील आणि कुठला भाग कायम बंद राहील, हे घोषणेआधीच ठरवा. देवराईत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंट नकोत, असं ठरावातच लिहा. सुशोभीकरणाच्या निधीने मी जेवढ्या राया बिघडलेल्या पाहिल्या, तेवढ्या कुऱ्हाडीने नाही.

ठरावात नेमकं काय लिहायचं?

मोघम भाषा टाळा. 'निसर्गाचे जतन व्हावे असे सर्वानुमते ठरले' या वाक्याचा कुठल्याच कार्यालयात उपयोग नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मालकीचा प्रकार, तिथे आढळणाऱ्या महत्त्वाच्या जाती, आज होत असलेला वापर, गावाने मान्य केलेले नियम, देखरेख कोण करणार, आणि 'कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करावे, अशी शिफारस' हे शब्द, एवढं हवंच. सूचक-अनुमोदकांची नावं आणि हजेरीपत्रक जोडा. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती. कुणी हरकत घेतली असेल तर तीही इतिवृत्तात येऊ द्या. दडवलेली हरकत नंतर न्यायालयात निघते.

महापालिकेत हाच विषय समितीकडून सर्वसाधारण सभेपुढे जातो.

उद्या सरपंच बदलले, नवी बॉडी आली, तर सगळं फिरेल का?

राजपत्रातली अधिसूचना ग्रामपंचायतीला फिरवता येत नाही. पण ती निघेपर्यंत हातात फक्त ठराव असतो, आणि ठराव पुढच्या सभेत बदलता येतो. या मधल्या काळात ठरावाच्या प्रती तहसीलदार, उपवनसंरक्षक, गटविकास अधिकारी आणि जैवविविधता मंडळ यांना पाठवून प्रत्येकाची पोच फाइलला लावा. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात नोंद व्हावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज द्या. दर वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नोंदवहीतल्या नव्या नोंदी वाचून दाखवायच्या, असा विषय कायमचा घालून घ्या. पाहणीला अधिकारी येणार असतील तर तारीख तुम्हीच सुचवा: सडा असेल तर ऑगस्टची, पाणथळ असेल तर डिसेंबरची, आणि सोबतीला गुराख्याला घ्या.